धुके वाळेपर्यंत

डिसेंबर अखेरची सकाळ. सात वाजून गेले तरी बेळगावच्या किल्ला तलावावरचे धुके उठले नव्हते. कानटोपी, स्वेटर आणि खांद्याला शबनम अशा थाटात मी काठावर बसलो. निघताना सौ. म्हणाली होती, "गेल्या वर्षी नुसती सर्दी घेऊन आलात, यंदा चित्र तरी आणा!"

टोमणा खरा होता. गेल्या हिवाळ्यात थंडीने कुडकुडत, रंग वाळण्याआधीच वही मिटली आणि तलाव, झाडे, आकाश यांचा एकच चिखल झाला. चित्रकार के. बी. कुलकर्णी आणि त्यांचे शिष्य रवी परांजपे यांच्या गावात माझ्या चिखलाला कोण विचारतो! शिवाय साठी उलटलेली, सकाळी बोटे आखडतात. वर्षभर ब्रशला हात लावला नाही. आज जमले नाही तर हा नाद सोडायचा, असे मनाशी ठरवूनच आलो होतो.

सामान बेताचेच. बारा वड्यांची रंगाची डबी, दोन गोल ब्रश, पेन्सिल, पोस्टकार्डाहून थोडी मोठी जाड कागदाची वही, दोन चिमटे आणि जुन्या धोतराचे फडके. यंदा भर पडली ती थर्मासची. कोमट पाण्याने वडीचा रंग चटकन सुटतो आणि मधूनमधून हातही शेकता येतात. लोकरी हातमोज्यांची टोके कापून बोटे मोकळी केली. बुडाखाली घोंगडीची घडी, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही.

मे महिन्यात कागदावर पाणी फिरवावे, तर ब्रश रंगात बुडवेपर्यंत ते सुकते. थंडीच्या दमट सकाळी पहिला हात पंधरा-वीस मिनिटे ओलाच राहतो आणि त्यावर टेकवलेला रंग पसरत जातो. गेल्या वर्षी मी त्या पसरण्याशी भांडत बसलो. आज समोर नीट पाहिले. धुक्यातल्या झाडांना तरी कुठे कडा होत्या? अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळून राखाडी केला आणि ओल्या कागदावर सोडून दिला. पलीकडचा काठ आपोआप विरत गेला. अलीकडचे दगड तेवढे शेवटी ठेवले. पान चिमट्यांनी उघडे धरून, हात चोळत काठाने एक फेरी मारून आलो.

फुलांची टोपली घेतलेली एक आजी वहीपाशी थबकली होती. "एन् बरियाकत्तीरि?" मराठीत आपण चित्र काढतो, कन्नडात ते लिहितात. "केरी, अज्जी," मी म्हटले. ती वाकून बघत म्हणाली, "मंजु छलो बंदैत्रि." धुक्याला पावती मिळाली!

नऊला ऊन पडले. मग किल्ल्यात जाऊन 1204 साली रट्टांच्या काळात बांधलेल्या कमल बस्तीसमोर बसलो. तिथे पेन्सिलीच्या रेघा सरळ आल्या, बोटेही सैल झाली होती.

घरी सौ.ने तलावाचे चित्र बराच वेळ पाहिले. "वाळलंय ना?" एवढेच विचारले. मी वही मिटून, पुन्हा उघडून दाखवली.