जिथे फक्त आयाच दुकान मांडतात

भारतातल्या कोणत्याही गावच्या बाजारात जा, गल्ल्यावर बहुतेक करून पुरुष दिसतो. भाजीवाल्या, कोळिणी, फुलवाल्या असतात खऱ्या, पण त्या बाजाराच्या एका कोपऱ्यात असतात. मणिपूरची राजधानी इंफाळ मात्र या बाबतीत साऱ्या देशाहून वेगळी आहे. शहराच्या ऐन मध्यभागी, कांगला किल्ल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एक भलामोठा बाजार आहे. त्यात काही हजार विक्रेते बसतात आणि ते सगळेच्या सगळे बायका आहेत. पुरुषाने तिथे यावे, हवे ते विकत घ्यावे, फार तर ओझी वाहावीत. पण दुकान मांडायचा हक्क त्याला नाही.

या बाजाराचे नाव ‘इमा कैथेल’. मणिपुरी भाषेत इमा म्हणजे आई आणि कैथेल म्हणजे बाजार. गिऱ्हाईक कॉलेजात जाणारा मुलगा असो की मोठा सरकारी साहेब, विकणाऱ्या बाईला तो ‘इमा’ अशीच हाक मारतो. आईशी भाव करायचा म्हणजे जरा जपूनच बोलावे लागते, हे वेगळे सांगायला नको!

बाजार बायकांकडे आला कसा?

हा बाजार सुमारे पाचशे वर्षांचा जुना असल्याचे सांगितले जाते. त्या काळी मणिपूरच्या राजवटीत ‘लाल्लुप’ नावाची पद्धत होती. पुरुषांनी ठरावीक दिवस राजाची चाकरी करायची, हा तिचा नियम. लढाई असो, कालवा खणणे असो की दूरच्या मुलखात काम असो, बोलावणे आले की जावेच लागे. मागे राहिलेल्या बायकांनी शेत कसायचे, मासे धरायचे, कापड विणायचे आणि उरलेले बाजारात नेऊन विकायचे. घरच्या पुरुषाच्या गैरहजेरीत सुरू झालेली ही रीत पुढे बाईचा हक्कच होऊन बसली.

या हक्काचे नियमही पक्के आहेत. इथे बसायला बाई विवाहित असावी लागते. अविवाहित मुलीला जागा मिळत नाही. जागा म्हणजे तरी काय? दार नाही, पाटी नाही, शटर नाही. सिमेंटच्या ओट्यावर एका बाईला मांडी घालून बसता येईल आणि पुढे माल मांडता येईल एवढाच तो तुकडा. पण तो आईकडून मुलीकडे किंवा सासूकडून सुनेकडे जातो. शेतजमीन आणि घर सहसा मुलाच्या नावावर होते, हे आपल्याला ठाऊक आहे. इंफाळच्या कितीतरी घरांत सासू सुनेला जे देते, ते मात्र बाजारातली ही जागा असते. त्या जागेवर मुलांची शिक्षणे होतात, घरातली लग्ने निघतात.

भांडवलाची सोयही बायकांनी आपसांत केली आहे. ‘मारुप’ नावाची पद्धत मणिपुरात घरोघरी चालते. दहा-वीस जणींनी दरमहा ठरलेली रक्कम जमवायची आणि ती पाळीपाळीने एकेकीने उचलायची. आपल्याकडच्या भिशीची ही सख्खी बहीणच म्हणायची.

ओट्यावर काय काय?

सध्याच्या तीन प्रशस्त इमारती २०१० साली उभ्या राहिल्या. त्यांना नावे दिली आहेत ती देवींची : लैमरेल सिदबी, इमोइनु आणि फौओइबी. लैमरेल सिदबी ही मैतेई लोकांची भूमाता, इमोइनु चुलीची आणि घरच्या लक्ष्मीची देवी, तर फौओइबी भाताची. ज्या देवींवर घर चालते, त्यांच्याच नावाच्या छपराखाली घरखर्चाची कमाई होते.

आत शिरले की ओळीने बसलेल्या बायका दिसतात. कमरेला फनेक नावाचे लुंगीसारखे वस्त्र, खांद्यावर पातळ इनाफी, कित्येकींच्या नाकापासून कपाळापर्यंत ओढलेला चंदनाचा टिळा. पुढ्यात ताज्या पालेभाज्या, केळफुले, बांबूचे कोवळे कोंब. हिवाळ्यात हातभर लांबीच्या, चपट्या हिरव्या शेंगांच्या जुड्या दिसतात. त्यांना ‘योंगचाक’ म्हणतात. वास उग्र, पण मणिपुरी माणूस त्यावर जीव टाकतो. लोकताक सरोवराकडून कमळाचे देठ आणि कंद येतात. काटेरी सालीचे ‘थांगजिंग’ हे फळ पाहून नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. पण उपवासाला आपण जो मखाणा खातो तो याच वनस्पतीचे बी भाजून केलेला असतो, हे कळले की ओळख पटते.

मिरच्यांत मान ‘उमोरोक’चा. नावाचा अर्थ झाडाची मिरची. जगातल्या सर्वांत तिखट मिरच्यांत तिची गणना होते. कोल्हापूरच्या माणसानेही आधी नखाएवढा तुकडा चाखावा, मग फुशारकी मारावी. शेजारी ‘चाखाओ’ म्हणजे काळा तांदूळ असतो. त्याची खीर शिजली की गडद जांभळी होते आणि तिचा सुवास घरभर दरवळतो. या तांदळाला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

मणिपुरी स्वयंपाकाचा प्राण मात्र ‘ङारी’त आहे. मुळाक्षरे शिकताना आपण ‘ङ’ म्हणतो आणि पुढे आयुष्यभर विसरतो. इथे ते अक्षर रोजच्या वाणसामानात आहे. लहान मासे उन्हात वाळवून, मीठ न घालता मातीच्या मडक्यात दाबून भरतात. मडक्याचे तोंड लिंपून ते कित्येक महिने मुरू देतात. वास सुकट-बोंबलांना मागे टाकील असा. पण उकडलेल्या भाज्या, भाजलेली ङारी आणि मिरची एकत्र कुस्करून केलेली ‘इरोंबा’ एकदा खाल्ली की वासाची तक्रार राहत नाही. शाकाहारी मंडळींनी ‘हवाइजार’ पाहावे. उकडलेले सोयाबीन पानांत गुंडाळून ऊबदार जागी चार-पाच दिवस आंबवतात. तेही चवीला तसेच खमंग.

पायांना विसावा हवा असेल तर ‘सिंजू’ मागवावे. बारीक चिरलेला कोबी, कमळाचे देठ, भाजून कुटलेले तीळासारखे बी, मिरची आणि ङारी असे हे कालवण हाताने मिसळून देतात. ङारी चालत नसेल तर तसे आधी सांगावे. बिनमाशाचे सिंजूही मिळते.

भाऊबीज इंफाळची

दिवाळीनंतरच्या द्वितीयेला, म्हणजे आपल्या भाऊबीजेच्याच दिवशी, मणिपुरात ‘निङोल चाकौबा’ असतो. सासरी गेलेल्या लेकी-बहिणींना माहेरी जेवायला बोलावण्याचा हा सण. त्या दिवशी पानात चांगला मासा हवाच, आणि त्यातही ‘पेंगबा’ हा राज्याचा मानाचा मासा मिळाला तर सोन्याहून पिवळे. आदल्या दिवशी मासळीची खरेदी जोरात होते. गंमत अशी की, दुसऱ्यांच्या लेकींसाठी मासे विकणारी इमा स्वतःही कुणाची तरी लेक असते. ओटा आवरून तिलाही माहेरी पोहोचायचे असते.

भाव आणि भाकरीची लढाई

या बाजाराला केवळ खरेदीची जागा समजणे चूक ठरेल. १९०४ साली एका इंग्रज अधिकाऱ्याचा बंगला जळाला. तो पुन्हा बांधण्यासाठी मणिपुरी पुरुषांनी काबो खोऱ्यातून सागवान आणावे, असा हुकूम निघाला. बायका हजारोंनी रस्त्यावर उतरल्या आणि सरकारला माघार घ्यावी लागली. दुसरी लढाई त्याहून मोठी. १९३९ साली पीक बुडाले होते, तरी व्यापारी तांदूळ बाहेर पाठवत होते. बाजारात दाणा मिळेना. तांदळाचा तुटवडा सर्वांत आधी कळतो तो तो विकणाऱ्या आणि शिजवणाऱ्या बाईला! १२ डिसेंबरला बायकांनी दरबाराच्या कचेरीला वेढा घातला. दरबाराचे इंग्रज अध्यक्ष शार्प म्हणाले की महाराज नवद्वीपला आहेत, त्यांच्या संमतीवाचून निर्यात थांबवता येणार नाही. बायका त्यांना तार ऑफिसात घेऊन गेल्या आणि तार करायला लावली. सैनिकांनी संगिनी चालवल्या, अनेक जणी जखमी झाल्या. निर्यात थांबली; पण बायकांनी बाजारावर घातलेला बहिष्कार वर्षाहून अधिक काळ टिकला. हे ‘नुपी लान’, म्हणजे बायकांचे युद्ध. १२ डिसेंबरला मणिपुरात त्याची आठवण आजही पाळतात.

आजची चिंता

अलीकडच्या दहा वर्षांत या ओट्यांनी बरेच सोसले आहे. ४ जानेवारी २०१६ च्या भूकंपात इमारतींना तडे गेले आणि कित्येक जणींना रस्त्यावर माल मांडावा लागला. २०२० साली करोनामुळे बाजार अनेक महिने बंद राहिला. रोजच्या विक्रीवर घर चालवणाऱ्या बाईला असे महिने म्हणजे मोडलेली बचत आणि चढलेले कर्ज. ३ मे २०२३ रोजी उसळलेल्या वांशिक हिंसाचाराने तर खोरे आणि डोंगर यांच्यातली वाटच तुटली. संचारबंदीत बाजार पुन:पुन्हा बंद झाला. पूर्वी डोंगरातल्या बायका आपला माल घेऊन इथे येत. खोऱ्यातली आई आणि डोंगरातली आई एकाच छपराखाली भाव सांगत. कुकी समाजाच्या बायकांना ती वाट आता बंद झाली आहे. हे नुकसान कुठल्याही वहीत मांडता येणारे नाही.

आणखी एक तेढ बाजाराच्या दारातच आहे. परवाना नसलेल्या बायका बाहेर रस्त्याकडेला बसतात. गिऱ्हाईक बाहेरूनच परतते, हे आतल्या बायकांचे गाऱ्हाणे; आम्ही पोट कुठे भरायचे, हा बाहेरच्यांचा सवाल. दोन्ही बाजूंना बायकाच आहेत आणि दोघींच्याही घरी मुले आहेत. शिवाय शिकून नोकरीला लागलेली सून सासूच्या जागेवर बसेल का, हाही प्रश्न आहेच. तिने बसावेच असा आग्रह कोण धरील? पण पदवी घेऊनही नोकरी न मिळालेल्या सुनेला ही जागा आजही आधार देते, हे विसरून चालणार नाही.

जाणाऱ्यांसाठी

इंफाळला कोलकाता आणि गुवाहाटीहून विमाने आहेत. २०२० पासून मणिपुरात प्रवेशासाठी ‘इनर लाइन परमिट’ लागते. ते आधीच काढून ठेवावे. निघण्यापूर्वी तिथल्या परिस्थितीची चौकशी जरूर करावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस हवेच्या दृष्टीने उत्तम. फोटो काढण्याआधी इमाला विचारावे. चाखाओ तांदूळ, मोइरांग किंवा वांगखैचे हातमागाचे कापड, उख्रुलकडच्या लोंगपी गावची चाकाशिवाय घडवलेली काळी भांडी, ही खरेदी घरी पोहोचल्यावर पस्तावायला लावत नाही. ङारी आणायचा मोह झालाच, तर डबा घट्ट झाकणाचा घ्यावा आणि तो सामानात इतर कपड्यांपासून दूर ठेवावा.