मोरीवरची पणती

दिवाळीच्या सुट्टीत मंडळी महाबळेश्वरला जातात, कोकणात जातात. काहीच जमले नाही तर मुलांना घेऊन राणीच्या बागेत तरी जातात. गेल्या वर्षी मी गेलो वडाळ्याला, आणि तेही कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात! ही ‘सहल’ ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी आधी कपाळाला हात लावला, पण मी चपला घालीत असताना त्याच म्हणाल्या, “अहो थांबा, मीही येते.”

कारण त्यांना ठाऊक होते. माझ्या आजीचा थोरला भाऊ त्या आवारात राहिला आणि तेथेच वारला. घरात त्याचे नाव कोणी काढीत नसे. आजी मात्र दिवाळीत शेवटची पणती मोरीवर ठेवी आणि जरा वेळ तेथेच उभी राही. उकिरड्यावर, मोरीवर दिवा लावण्याची रीतच असते. आम्हां मुलांना त्यात काही विशेष वाटले नाही.

हार्बरच्या गाडीने वडाळा रोडला उतरून आम्ही ॲकवर्थ रुग्णालयाच्या फाटकाशी आलो. रस्त्यावर भटकणाऱ्या रोग्यांसाठी १८९० साली ही संस्था निघाली, तेव्हा तिचे नाव ‘होमलेस लेपर असायलम’ असे होते. काढणारे महापालिकेचे आयुक्त हॅरी ॲकवर्थ. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून १८९१ साली छापणारे तेच हे साहेब!

येथेच १८९७ च्या सुमारास एक नवल घडले. मैलापाण्याच्या बंद टाकीतला वायू साठवून तो उजेडासाठी आणि एंजिनासाठी वापरण्यात आला. इंग्लंडात एक्सेटर गावी डोनाल्ड कॅमेरॉनने असाच प्रयोग नुकता केला होता. कित्येक पुस्तकांत मुंबईच्या या टाकीचे साल १८५९ दिलेले असते. पण संस्थाच १८९० ची, तर तिची टाकी एकतीस वर्षे आधी कोठून येणार?

“पण घाणीतून उजेड निघतो कसा?” सौभाग्यवतींनी विचारले.

मी सांगितले, की मैलापाण्याचा गाळ हवाबंद टाकीत ठेवला म्हणजे हवेवाचून जगणारे जंतू तो पचवतात. आधी त्याची आम्ले होतात, मग आम्लांचा वायू. टाकीत ३५ अंशांच्या आसपास ऊब राखून सुमारे २० दिवस धीर धरावा लागतो. त्या वायूत ६० ते ६५ टक्के मिथेन असतो. त्यावर वीज करता येते. उरलेला गाळ नीट प्रक्रिया केल्यास खताच्या कामी येतो.

“म्हणजे विरजणच की!”

“अगदी! एकदम फार गाळ ओतला, तर आम्ले साचून हे विरजणही नासते.”

जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या सात नव्या मैलापाणी केंद्रांची कोनशिला बसली. सर्वांची मिळून क्षमता रोज सुमारे २४६ कोटी लिटर. एवढ्या पाण्यामागे किती गाळ निघेल! पण मोरीतून गेले ते गेले, पुन्हा त्याचा विचार नको, अशीच आपली वृत्ती. माणसांच्या बाबतीतही आपण तेच केले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषध उपचार सुचवले आणि कुष्ठरोग पुरता बरा होऊ लागला. आजीच्या भावाच्या नशिबी ते नव्हते. पण शहराने ज्यांना दाराबाहेर काढले, त्यांच्याच आवारात शहराच्या घाणीचा दिवा झाला, हे त्या फाटकाशी उभे राहून मला प्रथमच उमगले.

त्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी शेवटची पणती मोरीवर ठेवली. नातीने विचारले, “आजी, इथे कशाला गं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग मी नातीला जवळ बसवले आणि आजीच्या भावाचे नाव सांगितले.