मूठभर वालाचं देणं

वाल म्हणजे वाल, इतकीच माझी अक्कल. वाण्याकडून अर्धा किलो आणायचे, भिजवायचे, मोड आले की सोलत बसायचं आणि बिरडं करायचं. संपलं! दसऱ्यानंतरच्या रविवारी मात्र कळसूबाईच्या पायथ्याशी, अकोले तालुक्यातल्या एका ओसरीवर (विदर्भातलं अकोला नव्हे हो, अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले), एका मावशींनी गाडग्यातली राख झटकून सुपात मूठ-मूठ बी ओतलं आणि मी बघतच राहिले. पांढरं, काळं, तांबूस, ठिपक्यांचं. एक चपटं, एक टपोरं. "हे सगळे वालच?" मी विचारलं. "मंग काय!" मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे जरा काळजीनंच बघू लागल्या.

याच तालुक्यातलं कोंभाळणे हे राहीबाई पोपेरे यांचं गाव. शाळेची पायरी न चढलेल्या बाईंनी परसात जपलेलं गावठी बियाणं, बाएफ संस्थेच्या साथीनं उभी राहिलेली बियाणं बँक, २०२० ची पद्मश्री, हे सगळं मी पेपरात वाचलं होतं. वाचून पान उलटलंही होतं. बियाणं बँक म्हणजे संग्रहालयासारखं काहीतरी, बरण्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवलेलं, असा माझा समज.

पण बी बरणीत कायमचं टिकतच नाही! राखेत घोळवा, कडुनिंबाचा पाला घाला, गाडग्याचं तोंड शेणामातीनं लिंपा. भुंगा लागायचा थांबेल, पण बी म्हातारं व्हायचं थांबत नाही. दोन-चार वर्षांत उगवण घटत जाते. म्हणजे वाण जगवायचा तर तो पुन्हा पुन्हा पेरायलाच हवा. आणि एवढे वाण एकटी बाई कुठे कुठे पेरणार? म्हणून वाटायचे. या गावात काळभात, त्या वाडीत रायभोग, पलीकडे वाल-घेवडे. एकीचं पीक पावसानं झोपवलं तरी दुसरीच्या कणगीत तेच बी असतं. नियम एकच: जेवढं न्याल त्याच्या दुप्पट आणून द्यायचं. अहो, ही बँक कर्ज दिल्यावाचून जगूच शकत नाही! मला हे कळलं तेव्हा मी ओसरीवरून उठून उभीच राहिले.

यात एक मेख आहे. संकरित बियाण्याचं पीक राखून पुढच्या वर्षी पेरलं तर मूळ गुण पांगतात, म्हणून दरसाल दुकान गाठावं लागतं. गावठी भात आणि वाल बहुतेक स्वतःच्याच परागावर पोसतात, त्यामुळे उभ्या पिकातली ठसठशीत रोपं बियाण्याला राखली की वाण बराचसा तसाच राहतो. असं बी राखायचा, वाटायचा हक्क शेतकऱ्याला २००१ च्या कायद्यानंही दिलेला आहे.

खुरासणीची गोष्ट उलटी. समोरचा अख्खा उतार पिवळाधमक, आणि मधमाश्यांचा नुसता गुंजारव! खुरासणीला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो. तो मधमाशीनं आणायचा. शेजाऱ्यानं फुलोऱ्यात विषारी औषध फवारलं तर दाणे शेजारणीच्या शेतात कमी भरणार. बांध माणसांना, माशीला कुठला बांध? एकट्यानं चांगलं वागून इथे भागतच नाही, सगळ्या वाडीला एकत्र वागावं लागतं. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. गाडीवाल्यानं तीनदा हॉर्न वाजवला.

निघताना मावशींनी ठिपक्यांचे मूठभर वाल पदरात घातले. वर नियमही ऐकवला. पुण्यात गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत सहा बिया लावल्यात, चार उगवल्यात. दोन मुठी परत करायच्या तर आणखी डबे लागणार. कुणाकडे असतील तर भंगारात घालू नका, मला द्या.