खोडवा

ज्या न्हावऱ्यास घोडगंगा साखर कारखाना उभा राहिला, तेथील वाचकांस सांगावयास नको कीं ऊस तोडला म्हणजे संपत नाहीं. जमिनींतल्या बुडख्यांतून खोडवा फुटतो. संगणकांतील प्रोग्रॅमचेंही तसेंच आहे.

आमच्या दिवंगत आजीच्या ओव्या मीं ज्या प्रोग्रॅममध्यें उतरविल्या, तो १९९३ सालीं जन्मलेल्या डेबियन या लिनक्स-प्रणालीवर बाहेरून आणून बसविलेला होता. कागदावर प्रत नव्हती. एके दिवशीं तो उघडतांच मिटूं लागला. नुसता काढून पुन्हां बसवावा, तर रोग तोच! कारण 'रिमूव्ह' या आज्ञेनें प्रोग्रॅम जातो, पण 'इटीसी'मधील त्याच्या मांडणीच्या फायली राहतात. 'पर्ज'नें त्याही जातात. आपल्या घरच्या फोल्डरांतील, टिंबानें आरंभ होणाऱ्या नांवांच्या लपलेल्या फायलींस मात्र या आज्ञा सहसा शिवत नाहींत. आणि तें योग्यच, कारण त्या घरधन्याच्या मालकीच्या. खरा बुडखा तेथें होता.

प्रथम ओव्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. मग पर्ज करून, तें लपलेलें फोल्डर न पुसतां त्याचें केवळ नांव बदललें, आणि नवी लागण केली. प्रोग्रॅम उघडला, जात्यावरच्या साऱ्या ओव्या जागच्या जागीं होत्या. जुनें फोल्डर मीं अद्याप पुसलेलें नाहीं.