बादलीमागे दर लावण्याआधी

सोल

ती. काकांस,


सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मांडायच्या ठरावाचा मसुदा पोचला. ‘ज्याचा कचरा जास्त, त्याचा मेंटेनन्स जास्त, मग लोक आपोआप कचरा वेगळा करतील’ असं तुमचं म्हणणं आहे, आणि त्याला आधार म्हणून कोरियाचं नाव घातलं आहे. इथल्या कचऱ्याच्या विकतच्या पिशव्यांचं कौतुक मीच तुम्हाला ऐकवलं होतं, पण ते निम्मंच होतं. उरलेलं सभेआधी वाचा.

इथेही 1995 पूर्वी आपल्यासारखंच होतं. घर केवढं, त्यावर कर किती, यावर कचऱ्याचे पैसे ठरायचे. कचरा किती टाकता याच्याशी त्यांचा संबंध नसे. 1 जानेवारी 1995 पासून सगळ्या देशात एकदम पिशव्या सुरू झाल्या. माझ्या भागात वीस लिटरची पिशवी साधारण 490 वॉनला मिळते, म्हणजे आपले तीसेक रुपये. ती कोपऱ्यावरच्या दुकानातून विकत आणायची, उरलासुरला कचरा त्यातच भरायचा. दुसऱ्या कुठल्या पिशवीत टाकला तर उचलत नाहीत, आणि सापडलात तर दंड दहा लाख वॉनपर्यंत जाऊ शकतो. कागद, काच, डबे, प्लॅस्टिक वेगळं करून ठेवलं तर मात्र फुकट नेतात. त्यामुळे पिशवी भरायला वेळ लागतो. माणशी रोजचा कचरा 1.3 किलोच्या घरात होता, तो काही वर्षांत एक किलोच्या आसपास आला.

काका, तीस रुपयांसाठी कुणी सुधारत नाही. माझ्या मते खुबी दराची नाहीच. कचरा कुणी मोजत नाही, ही खुबी आहे. पिशवी विकत घेतली तेव्हाच बिल भरून झालं. दारात उभं राहून ‘तुमची बादली पाऊण भरली की पूर्ण’ असा वाद घालायला कुणी लागत नाही. तुमच्या ठरावात हे मोजमाप कुणाकडे आहे? ‘कचरा उचलणाऱ्या महिलेने वहीत नोंद करावी.’ म्हणजे सत्तर फ्लॅटांशी रोज सकाळी भांडण करायचं काम त्या ताईंना दिलंत. समोरच्या विंगमधले वकीलसाहेब पहिल्याच आठवड्यात वही मागवून घेतील, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत.

आता ओला कचरा, कारण काकूला त्यात रस आहे. 2005 पासून इथे अन्नाचा कचरा जमिनीत पुरायला बंदी आहे, आणि 2013 पासून त्याचेही वापराप्रमाणे पैसे पडतात. आमच्या इमारतीखाली एक यंत्र आहे. कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, आत टाकलं की वजनाचा आकडा दिसतो, महिन्याच्या बिलात तो येऊन बसतो. पाण्यालाही वजन असतं, म्हणून इथल्या बायका भाजीचे देठसुद्धा पिळून टाकतात. या कचऱ्यातून जनावरांचं खाद्य, खत आणि गॅस तयार होतो. त्यामुळे ‘जनावर खाईल का?’ ही इथली ढोबळ कसोटी. तिच्यावर आपलं स्वयंपाकघर साफ नापास होतं! चहाचा चोथा चालत नाही. कांद्या-लसणाची सालं, अंड्याची टरफलं, हाडं, फळांच्या टणक बिया, शिंपल्या, काहीच नाही. ते सगळं विकतच्या पिशवीत. चोथा तीस रुपयांच्या पिशवीत टाकायचा हे काकूच्या बागेतल्या गुलाबांना सांगू नका.

लोकही कमी नाहीत. पिशवीचे पैसे आकारमानाचे, वजनाचे नाहीत, म्हटल्यावर कचरा दाबदाबून भरायचा, वर चिकटपट्टी लावून आणखी एक थर रचायचा. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये डब्याप्रमाणे दर लागले तेव्हा तिथेही लोक डब्यात उभे राहून कचरा तुडवायचे म्हणतात. इथे शंभर लिटरच्या पिशव्या उचलताना कामगारांच्या कमरा आणि खांदे जायला लागले, तेव्हा कितीतरी शहरांनी ती पिशवीच बंद करून पंचाहत्तर लिटरची आणली. म्हणजे घरातल्यांनी वाचवलेले पैसे शेवटी उचलणाऱ्याच्या पाठीवर पडले होते.

त्या पाठींबद्दलच मला लिहायचं आहे. सोलचा जुना कचरा डेपो नान्जीदो, हान नदीच्या काठावर. 1978 पासून 1993 पर्यंत शहराने तिथे एवढं आणून ओतलं की नव्वद मीटरहून उंच दोन डोंगर झाले. आज त्यावर बाग आहे, ऑक्टोबरात उंच गवताला तुरे येतात तेव्हा गर्दी उसळते. पण त्या डोंगरावर कचरा वेचून जगणारी शेकडो कुटुंबं तिथेच राहत होती. डेपो बंद झाला आणि ती पांगली. आज माझ्या गल्लीत सत्तरीपुढच्या आज्ज्या हातगाड्या ओढत पुठ्ठे गोळा करतात, किलोवर विकतात. इतक्या नेटक्या योजनेत त्यांना जागा कुठेच नाही.

नान्जीदो बंद झाला त्याच 1993 साली पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ सहकारी संस्था निघाली, आणि तुमच्या दारात येणाऱ्या ताई तिच्या मालक-सभासद आहेत. त्यांची कमाई दोन वाटांनी येते: घरटी महिन्याचं ठरावीक शुल्क, आणि सुका माल विकून मिळणारे पैसे. आता तुमचा ठराव त्यांच्या बाजूने वाचा. बादलीला दर लागला की तुम्ही पहिलं काय कराल? पुठ्ठे, बाटल्या, पत्र्याचे डबे स्वतःच रद्दीवाल्याला द्याल; तिकडे उलट पैसे मिळतात. ताईंच्या हाती उरेल वेफरच्या रिकाम्या पाकिटांची आणि डायपरची बादली. शिवाय इथे सगळा देश एकाच दिवशी पिशवीत शिरला, पळायला जागा कमी होती. तरी सुरुवातीला चोरून टाकणं-जाळणं झालंच. तुमच्या एकट्या सोसायटीला मागे नाला आहे आणि शेजारी दुसऱ्या सोसायटीचा डबा. पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी रस्त्यावर येऊन कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा शहराला डेपो आठवला होता. नाल्यासाठी कोण आडवं येणार?

ठराव मागे घ्या असं मी म्हणत नाही, फक्त उलटा करा. ताईंचं ठरावीक शुल्क आहे तसं राहू दे. विकला जाणारा सुका माल वेगळा करून त्यांनाच द्यायचा, त्याला दर नाही. ओला कचरा आवारातल्या खताच्या खड्ड्यात. महापालिका मालमत्ता करात सवलत देते ती घ्या, काकूचा चोथाही तिथे मार्गी लागेल. पैसे लावायचे ते फक्त या दोन्हींत न बसणाऱ्या उरलेल्या कचऱ्याला, आणि तेही सोसायटीच्या ऑफिसातून विकलेल्या छापील पिशवीतून, म्हणजे वही नको. पिशवी लहानच ठेवा. विक्रीचा मोठा वाटा ताईंना. ज्या घरात तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांना पिशव्या मोफत. इथे गरीब कुटुंबांना फुकट देतात. पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या डायपरवर तुम्ही दर लावणार होतात, हे सभेत कुणी बोलून दाखवण्याआधी खोडून टाका.

पिशवीचा दर मी सुचवत नाही. तो लिहिण्याआधी ताईंना सभेला बोलवा, आणि सभा सकाळी अकराच्या आत ठेवू नका. त्यांच्या फेऱ्या तोवर संपत नाहीत.

काकूला नमस्कार.

तुमची पुतणी