घराचा वास

आमच्या कोल्हापूरकडच्या कौलारू घराला स्वतःचा असा वास होता, आणि तो वर्षभर एकसारखा नसायचा. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी पडायची, मग पाणी पिण्याआधीच नाकाला गार वाटायचं. चैत्रात कुणी ना कुणी जोतिबाच्या डोंगराला जाऊन यायचं, त्याच्या पिशवीत गुलाल, खोबरं आणि दवणा. दवण्याची काडी आई देव्हाऱ्यात ठेवायची; ती वाळून कोळ झाली तरी बोटांत चुरली की वास द्यायची. पावसाळ्यात ओल्या वाकळा, चुलीचा धूर आणि गोठा. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की गावभर काकवीचा वास, आंघोळ केली तरी अंगावरून न जाणारा.

यातलं काहीही आम्ही घर सुगंधी व्हावं म्हणून करत नव्हतो. सारवायचं ते धूळ बसावी म्हणून. शाळूच्या कणगीत कडुलिंबाचा पाला टाकायचा तो किडे होऊ नयेत म्हणून. तिन्हीसांजेला खापरात इंगळ घेऊन वर ऊद टाकायचा तो देवासाठी, आणि थोडा डासांसाठी. वास त्या कामामागून आपसूक यायचा.

वाईट वासही असायचेच. त्याबाबतीत आईचा एक नियम होता. ती म्हणायची, “वास मारतोय म्हंजी कायतरी सांगतोय. हुडका.” मग आम्ही भावंडं माळ्यावर चढून मेलेला उंदीर हुडकायचो, नाहीतर शिंकाळ्यातलं विसरलेलं दही. एका पावसाळ्यात आतल्या खोलीत कुबट वास यायला लागला. सगळे म्हणाले, पावसाळी हवा आहे, जाईल. आई ऐकेना. तिनं वडिलांना कणगी रिकामी करायला लावली. मागच्या भिंतीतून पाणी झिरपून तळाचा शाळू काळा पडला होता. तेवढा म्हशीला गेला, वरचा वाचला. अजून पंधरा दिवस गेले असते तर वर्षाची भाकरी गेली असती.

पुढं आम्ही पुण्यात फ्लॅट घेतला. फ्लॅटच्या खिडक्यांना रस्त्याची धूळ, म्हणून त्या बंद. थोरल्या मुलानं भिंतीवर एक यंत्र बसवलं. दर अर्ध्या तासानं ते ‘फुस्स’ करायचं आणि लव्हेंडरचा वास सोडायचं. साडेचारशेचं यंत्र, शिवाय महिन्याला अडीचशेचा डबा. लव्हेंडरचं झाड आमच्या घरात कुणीच बघितलेलं नव्हतं.

मग गावी न्हाणीत पाय घसरून आईच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि ती आमच्याकडं आली ती अंथरुणाला खिळूनच. ज्यांनी घरात आजारी माणूस सांभाळलंय त्यांना त्या खोलीचा वास सांगायला नको. औषधं, घाम, मेणकापड, लघवी. पाहुणे भेटायला यायचे म्हटलं की पोरं आधी जाऊन तिच्या खोलीत तो फवारा मारून यायची. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आई काही बोलायची नाही, तोंड भिंतीकडं करायची. एके दिवशी फवाऱ्यानं तिला खोकल्याची उबळ आली. ती शमल्यावर मला म्हणाली, “आरं, मढ्यावर अत्तर शिंपडल्यागत करताय रं. माझी चादर बदला की.”

त्या दिवशी यंत्र भिंतीवरून उतरलं. खिडक्या सकाळ-संध्याकाळ उघडायच्या ठरल्या. धूळ आली तर पुसू म्हटलं. बायकोनं जुन्या सुती साड्यांच्या सहा चादरी केल्या. ओली झाली की लगेच बदलायची, वाट बघायची नाही. कोमट पाण्यानं अंग रोज पुसायचं. गादीवर रात्रभर खायचा सोडा भुरभुरवून सकाळी झटकायचा. वाकळ गच्चीवर उन्हात. आठवडाभरात खोली निवळली. आणखी एक गोष्ट कळली. कोपऱ्यातल्या, वापरात नसलेल्या बाथरूममधून उग्र वास यायचा, तो इतके महिने लव्हेंडरखाली दबला होता. जमिनीतल्या जाळीखाली पाणी साठलेलं असतं, ते गटाराचा वास अडवतं. वापर नसला की ते आटून जातं. एक तांब्या पाणी ओतलं, वास बंद. आता दर रविवारी ओततो.

आपलं नाक मोठं लबाड आहे. कुठलाही वास काही मिनिटांत सरावाचा होतो आणि मग तो आहे हेच कळत नाही. म्हणून माणूस पुन्हा पुन्हा फवारत राहतो. फवाऱ्यानं घाण जात नाही, तिच्यावर आणखी एक थर चढतो, आणि दारं बंद असली की त्यातली रसायनं आपण हुंगत बसतो. पण जुनं ते सगळं निर्मळ, असंही मी म्हणणार नाही. चुलीच्या धुरानं आईचा जन्मभराचा खोकला झाला होता. धूप-उदबत्तीचा धूर हाही शेवटी धूरच. त्या आजारपणात आम्ही उदबत्तीसुद्धा बाल्कनीत लावत होतो.

महाग तेवढं वाईट, असंही नाही. एका मित्रानं उत्तर प्रदेशातल्या कनौजहून मातीच्या अत्तराची करंगळीएवढी कुपी आणली होती. भाजलेली माती तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर तापवतात आणि तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. किंमत ऐकून मी गप्प बसलो. खोली झाडून, चादर बदलून झाल्यावर त्याचा एक थेंब कापसावर घेऊन आईच्या उशाशी ठेवला. ती डोळे मिटूनच म्हणाली, “वळीव आला का रं? शेणी आत घ्या.” त्या थेंबाखाली झाकायला काही नव्हतं, म्हणून तो तिला सुखाचा झाला.

आई जाऊन तीन वर्षं झाली. परवा स्वयंपाकघरात कसलातरी वास यायला लागला. धाकटी म्हणाली, काहीतरी मारूया का? थोरला म्हणाला, थांब. मोबाईलचा टॉर्च लावून तो फरशीवर पालथा पडला आणि बराच वेळ फ्रीजमागं हात घालून चाचपडत राहिला. सडका बटाटा निघाला.