आईची चिठ्ठी

“मावशी, तूच समजाव आता आईला!” ताईच्या लेकीनं मला दारातच गाठलं. होसूर रोडची गर्दी पार करून मी नुकतीच बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत पोचले होते. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

भाची अकरावीला, म्हणजे तिकडच्या भाषेत पहिल्या पीयूसीला. तिनं एनपीटीईएलचा प्रोग्रॅमिंगचा आठ आठवड्यांचा कोर्स घेतला होता. आयआयटी आणि बंगळूरचीच भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून चालवलेला हा उपक्रम. नाव नोंदवायला फी नाही. प्रमाणपत्र हवं असेल तर मात्र हजार रुपये भरून केंद्रावर परीक्षा द्यायची. “आमची आत्ताच कॉलेजचं शिकतेय,” म्हणून ताईनं सोसायटीत कौतुकानं सांगितलंही होतं.

मग कोल्हापूरचं लग्न आलं. दोन आठवड्यांचे स्वाध्याय राहिले. पाठोपाठ कॉलेजची चाचणी आली आणि तिसराही बुडाला. तारीख उलटली की उलटली.

ताई हवालदिल. “मी सरांना लिहिते. शाळेत नव्हते का रजेची चिठ्ठी देत?”

भावजींचा तोडगा त्याहून सोपा. “उरलेले मी सोडवून देतो. माझं रोजचंच काम आहे.”

“बाबा, कोर्स माझ्या नावावर आहे,” भाची म्हणाली. तिनं हिशेबही मांडून ठेवला होता. आठांतले उत्तम सहा धरतात, म्हणजे एकच शून्य पदरात. स्वाध्यायाच्या २५ पैकी १० आणि परीक्षेच्या ७५ पैकी ३० मिळाले की प्रमाणपत्र मिळतं. “मार्क कमी येतील, पण माझे असतील.”

मी गप्प झाले. अकरावी-बारावीला आपण कॉलेज म्हणतो खरं, पण गणवेश तोच, पालकसभा तीच, प्रगतिपुस्तकावर सहीही आपलीच. खऱ्या कॉलेजची रीत वेगळी. तिथे विद्यार्थी सतरा वर्षांचा असो की सत्तर, विचारणा त्यालाच होते. अमेरिकेत मिनेसोटा राज्यानं १९८५ पासून अकरावी-बारावीच्या मुलांना सरकारी खर्चानं कॉलेजचे विषय घेण्याची सोय केली. तिथे मिळालेले मार्क कॉलेजच्या कायमच्या नोंदीत राहतात. शिवाय १९७४ च्या कायद्यानं कॉलेजातल्या नोंदींवरचा हक्क मुलाचा असतो, वय काहीही असलं तरी. पालक म्हणून नुसता फोन केला की मार्क कळले, असं तिथे गृहीत धरता येत नाही.

रात्री बाबांना फोन लावला. त्यांनी १९७३ साली जुनी अकरावीची मॅट्रिक दिली आणि सोळाव्या वर्षी सांगलीला कॉलेजात गेले. (महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा झाली ती १९७५ साली.) “गावाहून एस.टी.नं डबा यायचा. आईची चिठ्ठी कधी आली नाही,” ते हसून म्हणाले. “तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी शिकलो असेन!”

आपल्याही घरात असं उत्साही मूल असेल, तर नाव नोंदवण्याआधीच त्याच्याशी बसून बोलावं. आठवड्याला किती तास लागतील? शाळेच्या परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत आहेत का? या प्रमाणपत्रानं बोर्डाचे मार्क वाढत नाहीत, हे त्याला ठाऊक आहे का? आणि अडचण आली तर सरांना कोण लिहिणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर “मी” असं मुलानं दिलं, तर खुशाल पाठवावं. “आई” असं आलं, तर वर्षभर थांबायला काहीच हरकत नाही. बुद्धी असली तरी तारखा सांभाळायची सवय लागायला वेळ लागतो.

हे मी ताईला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, मला काही करायलाच उरलं नाही, हेच टोचतंय.”

चिठ्ठी तिनं लिहिली नाही. पुढच्या स्वाध्यायाच्या आदल्या रात्री मात्र भाचीच्या टेबलावर दुधाचा पेला ठेवला, कॉम्प्युटरकडे न बघता बाहेर आली आणि दार हलकेच ओढून घेतलं.